सोफा हवेत, पाहुणी दोरीला

फुकट या गोष्टीवर माझं मनापासून प्रेम आहे आणि ते लपवायचं वय आता राहिलेलं नाही. लक्झेंबर्गला मी गेले ती एकाच कारणासाठी. 1 मार्च 2020 पासून त्या देशात बस, ट्राम आणि आगगाडीचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, पाहुण्यारावळ्यांनासुद्धा. तिथले तटबुरूज फार देखणे आहेत म्हणतात. मी ते निरनिराळ्या बसच्या खिडक्यांतून पाहिले. उतरले नाही. उतरलं की कॉफी प्यावीशी वाटते, आणि कॉफी मोफत नाही.

एकटीने, बेताच्या पैशांत युरोप हिंडायचं तर खरा खड्डा पडतो तो रात्रीच्या मुक्कामाने. त्यावर उतारा एकच, तिथल्याच कुणाच्या तरी घरी राहायचं. ही कल्पना मी काढलेली नाही. 1949 साली, युरोप महायुद्धाच्या राखेतून नुकता उठत असताना, ‘सर्वास’ नावाची संस्था सुरू झाली. माणसं एकमेकांच्या घरी जेवली-झोपली तर एकमेकांवर बाँब टाकायला जरा कचरतील, असा तिचा साधा हिशोब होता. पुढे केसी फेंटन नावाच्या एका अमेरिकन तरुणाला आइसलँडचं स्वस्त तिकीट मिळालं. राहायची सोय नव्हती, म्हणून त्याने तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे 1500 विद्यार्थ्यांना ईमेल धाडली. त्यातून 2004 साली ‘काउचसर्फिंग’ उभं राहिलं. 1500 अनोळखी लोकांकडे एका दमात झोपायला जागा मागायची, म्हणजे काय छाती असेल! आमच्या घराण्यात सख्ख्या काकांकडे जायचं तरी आधी ‘सहज फोन केला’ असा एक फोन करावा लागतो.

व्हिसाच्या अर्जात मुक्कामाच्या रकान्यात मी हॉटेलांऐवजी यजमानांची निमंत्रणपत्रं जोडली होती. काचेपलीकडच्या मुलीने आधी पत्रं वाचली, मग मला वाचलं.

“हे तुमचे कोण?”

“अजून कोणी नाहीत.”

तिने 30,000 युरोंच्या विम्याचा कागद उलटसुलट करून पाहिला. तो सक्तीचाच असतो. आजारपण, अपघात आणि वेळ आलीच तर पार्थिव परत पाठवण्याचा खर्च त्यात येतो. हा तपशील मला पुढे फार आठवणार होता.

घरून निघताना सगळ्यांनी एकच विचारलं, “एकटी? अनोळखी माणसांच्या घरी?” माझा भाऊ ट्रकवाल्यांना हात दाखवत लेहपर्यंत गेला, तेव्हा घरात त्याचं कौतुक झालं आणि बेसनाचे लाडू झाले. मला मात्र शिट्टी आणि मिरचीचा फवारा मिळाला. फवारा विमानतळावर काढून घेतला. शिट्टी अजून आहे, आणि ती मी अजून रागावलेल्या अवस्थेतच बाळगते.

या मुक्कामांना पैसे पडत नाहीत हे खरं. बोलावं मात्र भरपूर लागतं. यजमानाने दिवसभर काम केलेलं असतं आणि संध्याकाळी त्याला ‘भारत’ हवा असतो. कोलोनच्या निवृत्त शिक्षिकेला भारत नको होता, श्रोता हवा होता. पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेच्या बाटल्या कुठल्या पेटीत टाकायच्या आणि रविवारी त्या का टाकायच्या नाहीत (खळ्ळकन आवाज होतो, शेजारी चिडतात), हे तिने मला मध्यरात्रीपर्यंत समजावलं. तिथलं कॅथीड्रल 1248 साली बांधायला घेतलं आणि 1880 साली पुरं केलं. बँकेत असताना अशा कर्जदारांच्या फायली मी पाहिल्या आहेत. मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्याने खालूनच नमस्कार केला.

मग अ‍ॅमस्टरडॅम.

तिथल्या यजमानाचा निरोप आला: “ये. पण शनिवारी सकाळी दहाच्या आत पोच. तुझा सोफा त्याच दिवशी येतोय.” माझ्यासाठी परक्या देशातला कुणी पोरगा नवा सोफा घेतोय, या विचाराने मी बसमध्ये रुमाल काढला. बस रात्रीची होती, शेजारी घोरत होता, तरीही.

यजमान तिशीतला, उंचीने दाराच्या चौकटीएवढा, आणि पहिल्या मिनिटापासून मला नावाने हाक मारणारा. त्याची खोली प्रिन्सेनग्राख्त या कालव्याच्या काठी चौथ्या मजल्यावर. तिथली जुनी घरं अंगाने अरुंद आणि आतले जिने इतके उभे, की चढताना वरची पायरी नाकाला लागते. मोठं सामान त्यावरून जातच नाही. म्हणून घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली असते आणि तिला लोखंडी आकडा. त्यात कप्पी अडकवायची, दोर ओवायचा आणि सामान खिडकीतून आत घ्यायचं. सतराव्या शतकात व्यापारी आपला माल असाच माळ्यावर चढवत. पुष्कळ घरांचे दर्शनी भाग तर मुद्दाम पुढे झुकते बांधलेले आहेत, म्हणजे वर जाणारं ओझं भिंतीला घासत नाही. हे मी घरी वाचलं होतं आणि वहीत ‘किती मजेशीर!’ असा शेराही मारला होता.

सोफा फुटपाथवर उभा होता. तपकिरी, मखमली, तीन माणसांचा, आणि एका हातावर मांजराने बोचकारलेला. मित्र जमले होते. त्यांतल्या एकाची पाठ धरली होती. यजमानाने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“तुझं वजन किती?”

हा प्रश्न मला आजवर फक्त डॉक्टरांनी विचारलाय, आणि त्यांनाही मी थोडं कमी सांगते. इथे कसं कोण जाणे, खरं सांगून गेले. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा आनंद माझ्या वजनाने कुणाला कधी दिलेला नाही.

फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून त्या शहरात जागोजागी तांबूस लोखंडी खुंट रोवलेले असतात. प्रत्येकावर शहराच्या चिन्हातल्या तीन फुल्या. दोराचे दोन वेढे अशा एका खुंटाला आणि शेवटचं टोक माझ्या हाती, अशी रचना झाली. ओढा म्हटल्यावर ओढलं. सोफा डुलत डुलत पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला करत चौथ्या मजल्याच्या खिडकीसमोर पोचला आणि तिथेच राहिला.

खिडकी मोजली होती, सोफाही मोजला होता. खिडकीच्या मधोमध उभा असलेला लाकडी दांडा मात्र कुणी मोजला नव्हता. तो निघतो, पण त्यावर पिढ्यान् पिढ्यांनी रंगाचे थर चढवले होते. तो खरवडून काढायला सगळी पलटण वर गेली.

“पाच मिनिटं,” यजमान म्हणाला. “सोडू नकोस.”

जवळच वेस्टरकेर्क हे 1631 साली पुरं झालेलं चर्च आहे. त्याची घंटा दर पाव तासाला वाजते. ती वाजली. काही वेळाने पुन्हा वाजली. रेम्ब्रांटला 1669 साली याच चर्चमध्ये पुरलं, पण भाड्याच्या थडग्यात, त्यामुळे नेमकी जागा आज कुणाला दाखवता येत नाही. काटकसर करणाऱ्या माणसाला अशा वेळी नेमकं हेच आठवतं.

रस्त्यात लोक थांबून वर बघायला लागले, दहीहंडीला बघतात तसे. फक्त हंडीच्या जागी माझा बिछाना होता आणि थर लावायला कुणी पुढे येत नव्हतं. एका आजोबांनी सायकल थांबवली, गाठ निरखली, “चुकीची बांधली आहे,” म्हणाले आणि निघून गेले. चूक काय, ते सांगायला थांबले नाहीत. कालव्यातून पर्यटकांची बोट आली, ध्वनिक्षेपकावरून काही तरी सांगितलं गेलं आणि बोटभर मोबाइल माझ्याकडे वळले. जगातल्या कितीतरी घरांत आता सतराव्या शतकाची माहिती म्हणून माझा फोटो आहे. मग एक सीगल आला आणि सोफ्यावर ऐसपैस बसला. माझ्या आधी.

गळ्यातल्या पाकिटात फोन वाजला. हात गुंतलेले. जवळून जाणाऱ्या एका मुलीने तो काढून माझ्या कानाला लावला.

“काय करतेस?” ह्यांचा आवाज. जेवून आडवे झाल्याचा.

“अहो, सोफा धरलाय.”

“कशाला?”

“वर आहे म्हणून.”

पलीकडे बराच वेळ शांतता. हे प्रश्न विचारणार, मी सांगणार, हे काळजीत पडणार, असं मला वाटलं.

“बरं, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंस?”

“देवघराच्या खालच्या खणात.”

“तिथे नाहीये.”

“डाव्या बाजूला बघा, अहो, डाव्या!” मी ओरडले. ती मुलगी दचकून डावीकडे सरकली.

तेवढ्यात पाऊस आला. तिथला पाऊस कोसळत नाही, आडवा येऊन चष्म्यात शिरतो. वर खिडकीत वाद चालू होता. पाठ धरलेला मित्र करवत हवेत नाचवत होता. त्याचं म्हणणं, सोफ्याचा एक हात कापला की काम झालं. माझाही संयम संपला होता. हात बधिर, चपला ओल्या, पोटात सकाळपासून एक बिस्किट. तिथे कॉफीबरोबर एकच बिस्किट देतात आणि डबा लगेच बंद करतात. यजमान धडाधडा खाली आला तेव्हा मी त्याला सुनावलंच. “अरे, काप नाहीतर नवा घे! एका जुन्या सोफ्यासाठी किती जणांना वेठीला धरशील?”

तो सोफ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आईचा आहे. तिचं घर रिकामं करून द्यायची मुदत काल संपली. बाकी सगळं देऊन टाकलं.” आणि थोड्या वेळाने, “यावर बसून टीव्हीवर सायकलच्या शर्यती बघायची. फार ओरडायची.”

आमच्या आईचं घर आवरलं तेव्हा तिचे पितळी डबे मी किलोवर विकले होते. भाव चांगला आला होता. तो अजून पाठ आहे मला.

मी दोराचा आणखी एक वेढा खुंटाला घेतला आणि म्हटलं, “जा वर. मी आहे.”

शेवटी दांडा निघाला. सोफा उभा करून, तिरका करून आत घ्यायचा ठरला. त्यासाठी तो आणखी वीतभर वर हवा होता. मित्रांनी ओढलं, जमेना. वरून आरोळी आली. मी वेढे सोडवले, दोर दोन्ही मुठींत घट्ट आवळला आणि होतं नव्हतं ते सगळं घेऊन मटकन फुटपाथवर बसले. सोफा वीतभर वर उचलला गेला, आतल्या हातांनी तो खेचला आणि तो खिडकीत गडप झाला. बोटीतून टाळ्या. व्हीआरएसच्या निरोपसमारंभात शाखेने वाजवल्या होत्या त्यांहून जास्त.

मग सगळे जेवायला बसले. मोठमोठी, नोकरीधंद्याची माणसं पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचा भुगा भुरभुरवून खात होती आणि कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. रात्री पिझ्झा आला. तो खाऊन संपायच्या आत जो तो आपापल्या फोनवर आपल्या वाट्याचे पैसे चुकते करून मोकळा झाला होता. माणसं दिवसभर मित्रासाठी दोर ओढतात आणि पिझ्झाचा हिशोब सेंटपर्यंत करतात. दोन्ही एकाच मनाने. मला ही जात फार आवडली. एकच गोष्ट खटकली. तिथे दुकानात रोख दिली तर बेरीज पाच सेंटच्या पटीत करून टाकतात, एक-दोन सेंटांची नाणी कुणी विचारत नाही. एका रुपयाची तफावत सापडेपर्यंत अर्धं शटर ओढून बसलेल्या बाईने हे कसं सोसावं?

सोफा ओलाचिंब होता. त्यामुळे यजमानाने मला स्वतःचा पलंग दिला आणि तो सोफ्यावर टॉवेल पसरून झोपला. पाय पोटऱ्यांपासून बाहेर. मी त्या सोफ्यावर शेवटपर्यंत टेकलेसुद्धा नाही.

बाकी शहर पाहिलं. राइक्सम्युझियमच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो, तो मोफत आहे. आतलं ‘नाइट वॉच’ हे 1642 सालचं चित्र मी बाहेर पोस्टकार्डावर पाहिलं. सेंट्रल स्टेशनच्या मागून पाण्यापलीकडे जाणारी फेरीबोट मोफत आहे, तीत बसून अर्थातच पलीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. अ‍ॅन फ्रँकचं घर त्याच कालव्यावर आहे. तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची निघतात. मला मिळालं नाही. बाहेर उभी राहिले. पाव तासाची घंटा झाली. अ‍ॅनच्या डायरीत या घंटेचा उल्लेख आहे. त्यावर मला विनोद सुचत नाही.

या राहण्याच्या व्यवहारात पाहुण्याने यजमानावर आणि यजमानाने पाहुण्यावर चार ओळींचा अभिप्राय लिहायचा असतो. पुढचे यजमान तो वाचूनच दार उघडतात. माझ्यावरचा अभिप्राय मी बर्लिनच्या बसमध्ये बसण्याआधी वाचला: ‘प्रामाणिक. भांडी घासते. फोनवर फार मोठ्याने बोलते. वजन चांगलं आहे, आणि ते कधी वापरायचं हे तिला कळतं.’ मी तो ह्यांना पाठवला. ह्यांनी फक्त गॅसचं पुस्तक सापडल्याचं कळवलं.

तेवढ्यात बर्लिनच्या बाईंचा निरोप आला. त्यांनीही अभिप्राय वाचला होता. त्यांचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि उद्या सकाळी भावाचा पियानो येणार होता. मी थेट घरीच यावं, बाहेर काही खाऊन येऊ नये, त्या भरपूर रांधून ठेवणार होत्या.

मी उलट एवढंच विचारलं की हातमोजे तुमच्याकडे आहेत, की येताना घेऊन येऊ?