डबा बसवणाऱ्या भाऊंना खुले पत्र



तुमचं नाव इथे लिहीत नाही. पोकलेनच्या डिस्प्लेवर पिवळा दिवा लागला की शेठ लोक आधी तुम्हालाच फोन लावतात. तुम्ही येता, नॉक्स म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरचा कपलर काढता, त्या जागी तुमचा काळा डबा जोडता आणि दिवा विझतो. काम झटपट, पैसे रोख, कपड्यांना ग्रीसचा डाग नाही. डाग लागणार कसा? तुम्ही मशिनखाली वाकतच नाही.

मी वाकलो. डबा बसवल्यावरही मशिनची ताकद मध्येच जात होती, म्हणून मला बोलावणं आलं. तुम्ही पुसलेल्या कोडचा फोटो ऑपरेटरने मोबाइलमध्ये ठेवला होता, हे माझं नशीब. एसपीएन ३२२६, एफएमआय ९. यातला पहिला आकडा सायलेन्सरच्या बाहेरच्या टोकाला असलेल्या नॉक्स सेन्सरचा. तेवढा तुम्ही वाचलात. दुसरा वाचायची तसदी घेतली नाहीत आणि सगळी बातमी त्याच ९ मध्ये होती. सेन्सर चुकीचं मोजतोय असं तो म्हणत नाही. सेन्सरचा निरोप ठरलेल्या वेळात पोहोचत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे सप्लाय बघा, अर्थ बघा, सेन्सर आणि कंट्रोलर ज्यावरून बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन वायरी बघा.

त्यासाठी काय लागतं? साधा मीटर. मेन स्विच बंद करायचा आणि नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांमधले ओहम मोजायचे. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे मीटरवर ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एका टोकाशी संबंध तुटलाय. या मशिनवर ६० च आले. मग एक प्रोब चासीला लावला आणि हार्नेस हलवून पाहिला, तसा आकडा शून्याकडे घसरला. सायलेन्सरजवळची एक क्लिप तुटली होती. हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर टेकला होता आणि मशिनच्या थरथरीने वायरीचं कातडं सोलून तांबं उघडं पडलं होतं. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, नवी क्लिप लावली. तुमचा डबा काढून सेन्सर परत बसवला, तर तो पहिल्यासारखा बोलू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि ती देण्याचे तुम्ही शेठकडून पैसे घेतलेत.

ज्याला तुम्ही सुळावर चढवलंत तो काय करतो, हे तरी एकदा समजून घ्या. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची चिमुकली सिरॅमिक पट्टी असते. तिच्यातला हीटर तिला सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवतो. पहिल्या कप्प्यात धुरातला ऑक्सिजन उपसून बाहेर टाकला जातो. दुसऱ्या कप्प्यात नायट्रिक ऑक्साइड फुटतो आणि त्यातून सुटलेल्या ऑक्सिजनमुळे जो अगदी क्षीण करंट वाहतो, तो मोजला जातो. तापलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते, म्हणून पाइप सुकेपर्यंत हा सेन्सर मापच देत नाही. सकाळी मशिन चालू केल्याबरोबर आकडा दिसला नाही की ‘गेला’ म्हणून शिक्का मारणारे तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

सेन्सर कधीच खराब होत नाही, असं मी म्हणत नाही. होतो, आणि महाग असतो. पण तो फसतो कशाने, हे माहीत असलेल्याने त्याला हात लावावा. बाहेरच्या सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक कळत नाही. नॉक्स मारण्यासाठी धुरात फवारलेला युरिया जास्त झाला तर त्यातून उरलेला अमोनियासुद्धा तो नॉक्स म्हणूनच दाखवतो. अशा वेळी गरम इंजिनवर फवारणी थोडी थांबवून आकड्याकडे बघायचं. आकडा आधी खाली आला तर ती अमोनियाची गळती, सरळ वर चढू लागला तर खरा नॉक्स. सेन्सर न बदलता, डबा न लावता एवढं कळतं. पण त्यासाठी आकड्याकडे बघत उभं राहावं लागतं.

युरियाचंही बोलू, कारण स्वस्तातले कॅनही तुम्हीच पुरवता. टाकीतल्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया हवा, बाकी शुद्ध पाणी. शेतकऱ्याच्या गोणीतला कडुनिंब चोळलेला युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवला तर रिफ्रॅक्टोमीटर तेच ३२.५ दाखवेल, कारण तो फक्त तीव्रता मोजतो, शुद्धता नाही. मग इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे साचतात, कॅटॅलिस्ट क्षारांनी बाद होतो, कोड येतो आणि शेठ पुन्हा तुम्हालाच फोन करतो. एकाच माणसाने दुखणंही विकायचं आणि गुंगीचं औषधही, हा धंदा तुम्ही नीट बसवलाय.

शेठचा राग मला समजतो. ऐन कामात ताकद कमी होते, दुर्लक्ष केलं तर इंजिन नुसतं आयडलवर राहतं, हप्ता मात्र चालूच. कंपन्या आपलं स्कॅनरचं सॉफ्टवेअर कुलपात ठेवतात आणि त्यांचा माणूस यायला दिवस लागतात. यावर भांडायला हवं आणि मी भांडतोच. पण त्या भांडणात तुम्ही कुठे दिसत नाही. कुलूप उघडलं तर तुमचा डबा कोण घेईल?

या डब्याची किंमत तुम्ही वसूल करता, चुकवतं कोण ते ऐका. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे लागू झालेल्या प्रदूषण नियमांच्या चौथ्या टप्प्यात, ५६ ते ५६० किलोवॉटच्या चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना एका किलोवॉट-तासाला ०.४ ग्रॅम नॉक्सची मर्यादा आली. त्याआधी मध्यम आणि मोठ्या इंजिनांना नॉक्स आणि हायड्रोकार्बन मिळून सुमारे ४ ग्रॅम चालत होते. तुमचा डबा कंट्रोलरला छान छान आकडे ऐकवतो, फवारणी बंद पडते आणि ही सगळी कमाई एका कपलरमध्ये बुडते. पाइपमधून जे बाहेर पडतं ते बकेटजवळ उभ्या हेल्परच्या छातीत जातं, खडी भरणाऱ्या बाईच्या आणि तिथेच चादरीवर निजलेल्या तिच्या लेकराच्या छातीत जातं. बोगद्यात तर ते जायला जागाच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. त्या लेकराच्या अंगावर कुठला दिवा लागत नाही, म्हणून तिथे तुम्हाला कोणी बोलावत नाही.

आणि ही युक्ती आपली म्हणून मिरवूही नका. १९९८ मध्ये अमेरिकेत हेवी डिझेल इंजिनांच्या सात मोठ्या उत्पादकांना याच प्रकारासाठी सरकारशी तडजोड करावी लागली. चाचणीत इंजिन स्वच्छ आणि हायवेवर घाण, असं सॉफ्टवेअर त्यांनी घातलं होतं. एकूण खर्च गेला सुमारे १०० कोटी डॉलरवर. त्यांच्याकडे निदान इंजिनिअर होते. तुमच्याकडे मीटरसुद्धा नाही.

आता माझं मागणं. तुमचा डबा माझ्याकडे आहे, तो परत मिळणार नाही. त्या शेठचे पैसे परत करा. ज्या ज्या मशिनवर असे डबे बसवलेत, त्यांची साइटवार यादी मला पाठवा. सेन्सर काढून फेकले नसतील तर ते कुठे ठेवलेत, तेही लिहा. हार्नेस मी तपासतो, मजुरी मागणार नाही. सोबत यायचं असेल तर या, मीटर माझा वापरा. जुने कपडे घालून या.