तसबिरींची बारनिशी

चौतीस वर्षे महसूल खात्याच्या अभिलेखकक्षात, कसरीच्या आणि धुळीच्या सान्निध्यात, सातबारांचे व फेरफारांचे गठ्ठे लाल फडक्यात बांधण्यात ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनाला परदेशस्थ कन्येने डिजिटल कॅमेरा का द्यावा, याचा खुलासा तिच्याकडून आजतागायत आलेला नाही. “बाबा, तुमचा वेळ जाईल,” एवढेच ती म्हणाली. आणि वेळ गेला, हे मला बिनतक्रार मान्य केले पाहिजे.

यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत पृथ्वीवरच्या बऱ्याच भाषा हजर होत्या, मराठी मात्र गैरहजर. सबब पुतण्याची गुरुपदी नेमणूक करणे प्राप्त झाले. त्याने चकती फिरवून ‘ऑटो’वर आणली, “काका, आता नुसते दाबत राहा,” असा उपदेश केला आणि तो आपल्या मोबाईलमध्ये अंतर्धान पावला. पुढील अध्ययन मी एकट्याने केले व त्यातून ध्यानात आले ते असे की, या यंत्राचे बटण प्रथम अर्धेच दाबावयाचे असते. अर्धे दाबले की भिंग मागेपुढे होऊन नजर ठरते, पडद्यावर हिरवी चौकट उमटते, एक बारीक हुंकार ऐकू येतो, आणि तदनंतर पूर्ण दाबले असता चित्र निघते. ज्याने सरकारी कचेरीत उमर घालविली त्याला यात शिकण्यासारखे काही नाही. अर्धे दाबणे म्हणजे तत्त्वतः मान्यता आणि पूर्ण दाबणे म्हणजे प्रत्यक्ष आदेश. या दोहोंच्या दरम्यान समोरचा इसम ताटकळतो, त्याचे हसू सुकते, क्वचित तो उठून निघूनही जातो.

ज्या १९७५ साली मामांच्या अ‍ॅगफा क्लिक थ्रीवर आमच्या लग्नाचा एकुलता एक रोल खर्ची पडला, त्याच साली तिकडे अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन नामक तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. वजन साडेतीन किलोंच्या वर, एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद, आणि चित्र म्हणजे शंभर गुणिले शंभर, अवघे दहा हजार ठिपके. रोल विकून पोट भरणाऱ्या कंपनीच्या साहेबलोकांना बिनरोलाचे यंत्र कितपत रुचले असेल हे सांगावयास नको. त्यांनी प्रकरण बरीच वर्षे, आमच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ठेवले. जानेवारी २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायालयाच्या दारी उभी राहिली. गठ्ठा वेळेवर न सोडल्याचे याहून ठळक उदाहरण नवशिक्या कारकुनांपुढे ठेवावयास मला सेवेत असताना मिळाले नाही, याची चुटपुट वाटते.

मामांच्या त्या रोलात बारा चित्रे निघत. बारांत अख्खे लग्न बसवावयाचे म्हणजे शिधावाटपच होते: अंतरपाटाला एक, सप्तपदीला एक, विहिणींच्या पंगतीला एक, रुखवतावर दोन गेली म्हणून मुलाकडची, म्हणजे आमचीच, मंडळी बरेच दिवस धुसफुसत होती. उलट माझ्या नव्या यंत्रातील नखाएवढ्या कार्डात सहा हजारांवर चित्रे मावतात. आमच्या धाकट्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी एका दुपारी चारशे बारा काढली. छाननी केली असता त्यांत निरांजनाची नव्वद, केटररच्या पाठीची चाळीस आणि माझ्या स्वतःच्या डाव्या अंगठ्याची एकोणीस निघाली. आत्याचे, डोळे उघडे असलेले आणि पदर डोक्यावर नीट असलेले, असे एक होते. एकच, पण उत्तम.

आता, या यंत्राविषयी एक गोष्ट मी मनापासून कौतुकाने नमूद करतो. कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता ते प्रत्येक चित्राला अनुक्रमांक देते आणि तारीख, वेळ, भिंग किती उघडले, किती काळ उघडले, ही सारी कैफियत चित्राच्या पोटातच टाचून ठेवते. असा कारकून मला कधी मिळाला नाही. त्याला आधी आजची तारीख सांगावी लागते, ही बाब मला विलंबाने कळल्यामुळे आत्याचा सोहळा दप्तरी १ जानेवारी, मध्यरात्री झाल्याचे दिसते, तो दोष यंत्राचा नव्हे. परंतु एवढी जय्यत कैफियत बाळगणारे चित्र आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या वाटेने आप्तांकडे रवाना केले की काय होते? वाटेत त्याला पिळून त्याचा आकार दशांशावर आणला जातो आणि पोटातली टाचणे काढून फेकली जातात. मुक्कामाला पोहोचते ते बेवारस, बिनतारखेचे, हडकुळे. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ जसेच्या तसे जाते, असे पुतण्याने सांगितले; कधी सांगितले, ते पुढे येईलच.

जावक झाली, आता पोच. आमच्या कचेरीत निरक्षर खातेदार सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा उमटवीत, त्याखाली ‘निशाणी अंगठा’ असे लिहावे लागे, आणि ओळख पटविणाऱ्या साक्षीदाराची सही घेतल्यावाचून तो ग्राह्य धरला जात नसे. अंगठेबहाद्दर हा शब्द आम्ही चारचौघांत उच्चारत नसू. आत्याची चारशे बारा चित्रे मी कुटुंबाच्या ग्रुपवर ओळीने चढविली, तर दोन प्राध्यापक, एक सनदी लेखापाल व एक न्यायाधीश धरून सदतीस नातलगांनी पाच मिनिटांच्या आत अंगठे उमटविले. चारशे बारा चित्रे पाच मिनिटांत कशी पाहून होतात, हा प्रश्न मी विचारला नाही. सर्वाधिक अंगठे, तपशिलासाठी सांगतो, माझ्या अंगठ्याच्या चित्राला मिळाले.

चित्र चढविले की कर्तव्य संपले, ही समजूत आमच्याच कुटुंबापुरती असती तर मी गप्प बसलो असतो. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी मोबाईलवर फोटो काढून चढविण्याची १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्ती झाली. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून कळवावे लागले की, काही ठिकाणी फोटोचाच फोटो काढून हजेरी लागते आहे. हाडाच्या कारकुनाला यात नवल वाटू नये. खरी नक्कल जोडली होती, एवढेच.

तर, कार्ड भरले. “ग्रुपवर टाकलेत ना काका, मग उडवा की,” असे गुरुवर्य म्हणाले. आमच्या खात्यात ‘अ’ वर्गाचा कागद कायम राहतो, ‘ड’ वर्गाचा वर्षभराने नष्ट होतो, आणि नष्ट करण्यापूर्वी यादी होते, यादीवर सही होते. मी यादी केली नाही. चौतीस वर्षांची सेवा एका बटणात बुडविली, आणि तेही पूर्ण दाबून. तीन महिन्यांनी माझा मोबाईल मृत झाला. नव्यात ग्रुप आला, परंतु आत्याच्या जागी करड्या रंगाची धुकट चौकट होती आणि तिच्यावर बोट ठेवले असता, पाठविणाऱ्यास पुन्हा पाठविण्यास सांगावे, असा शेरा उमटला. पाठविणारा मीच. ‘डॉक्युमेंट’ची गोष्ट पुतण्याने सांगितली ती या वेळी.

मूळ प्रत आंतरजालावरच्या एखाद्या कोठारात का ठेवली नाही, असे विचारणारे भेटतात. त्या कोठारांचा इतिहास मी इनामांच्या इतिहासासारखा वाचला आहे. गुगल फोटोजने अमर्याद फुकट जागा दिली ती सनद १ जून २०२१ रोजी खालसा झाली, आधीचा भरणा तेवढा सूट म्हणून राहिला, पुढे १५ जीबीच्या वर आकारणी सुरू. ऑर्कुट तर ३० सप्टेंबर २०१४ रोजी मुळासकट बंद झाले. इकडे पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडून गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० नंतर ४५ खंड छापविले, आणि तो कागद आजही वाचता येतो. आमच्या लग्नाची बारा चित्रेही ट्रंकेत दोन मिनिटांत सापडली. प्रत्येकाच्या पाठीवर वडिलांच्या हातचे ‘शके १८९७, वैशाख’ आहे.

आत्याने परवा पुन्हा विचारले. “अरे बाळ्या, माझा तो फोटो कागदावर दे की. भिंतीला लावायचाय. आणि वर हार घालायची पाळी येईल तेव्हा शोधत बसू नका.”

तरी ज्या सदतीस आप्तांनी सदर चित्रावर अंगठे उमटविले, त्यांपैकी कोणाच्या मोबाईलमध्ये ते शिल्लक असल्यास त्यांनी कृपा करून ते मजकडे पाठवावे. पोच म्हणून सही मिळेल.