किन्हीराजात देवदार मागणाऱ्यांची थोरवी

ज्या गावात माघ-फाल्गुनात सागाची पानं झडून जातात आणि वैशाखात हंड्यांच्या रांगा लागतात, तिथे मेडिकलवर जाऊन 'नैसर्गिक, सणासुदीचं, देवदाराच्या वासाचं सॅनिटायझर आहे का' असं विचारणारं माणूस त्या गावाचं भूषण असतं. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाला असं भूषण लाभलेलं आहे. हे वेड मला मनापासून आवडतं, आणि त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

वेडाचं मूळ एका छोट्या बाटलीत आहे. आमच्या वहिनींचा भाचा अमेरिकेत असतो. तो डिसेंबरात आला तेव्हा नाताळच्या बाजारातली सॅनिटायझरची बोटभर उंचीची एक बाटली घेऊन आला. आत हिरवट पाणी आणि झाकणावर फरच्या झाडाचं चित्र, आमच्या लेखी तो देवदारच. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलेलं, अत्तर संपलेलं. वहिनींनी आलेल्या प्रत्येक बाईच्या मनगटावर अत्तराऐवजी त्या बाटलीतला एकेक थेंब टेकवला. बायांनी मनगट नाकाशी नेलं, थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, आणि मग सगळ्यांनी एकदमच विचारलं, हे कुठं भेटते? त्या संध्याकाळी बाटली संपली.

दुसऱ्या दिवशी वहिनी मेडिकलवर. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काकू, कडुनिंबाचं हाये, लिंबाचं हाये, कोरफडीचंबी हाये. देवदाराचं इथं कोन घेते?"

"मी घेतो ना बाप्पा," वहिनी म्हणाल्या.

या उत्तरातली हिंमत पाहा. देवदार हिमालयात साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर वाढतो, आणि वाशीमचं पठार कसंबसं साडेपाचशे मीटर भरतं. आपल्याकडच्या रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे कुंडीत मिळतं ते बहुधा अरौकेरिया असतं, दक्षिण गोलार्धातलं झाड. त्याची फांदी चुरगळली तरी फरचा तो वास काही येत नाही. म्हणजे मागणी अशा वस्तूची, जिचं झाड गावात नाही, जिल्ह्यात नाही, आणि जिचा सण तर आपल्याकडे तूर काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत येतो. व्यवहारी माणसाने इथेच नाद सोडला असता. वेड्या माणसाने शोध चालू ठेवला, म्हणून पुढचं सगळं कळलं.

पहिली गोष्ट ही की पाइनचा वास किन्हीराजाला नवा नाहीच. फरशी पुसायच्या पांढऱ्या फिनाईलला जो वास येतो तो मुळात पाइन तेलाचा. युरोप-अमेरिकेत ज्या वासाने लहान मुलांना नाताळची भेटवस्तू आठवते, त्याच वासाने आपल्याला दवाखान्याचा व्हरांडा आणि इंजेक्शनची सुई आठवते. वास जवळपास तोच, फक्त तिकडे सण आणि इकडे सुई. दवाखान्याच्या वासाला सणाचा मान द्यायला निघालेली बाई मला थोर वाटते, कारण स्वच्छतेचा वास भीतीच्या खात्यातून काढून आनंदाच्या खात्यात टाकायचं काम आजवर कुठल्या सरकारी मोहिमेला नीट जमलेलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आपण आरतीला जाळतो तो कापूर पूर्वी कापराच्या झाडापासून यायचा. आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून बनतो, आणि टर्पेंटाइन येतं पाइनच्या झाडाच्या चिकातून. हिमालयात चीडच्या खोडाला खाच पाडून तो चीक गोळा करतात, तिकडे त्याला लिसा म्हणतात. टर्पेंटाइनमधलं अल्फा-पाइनीन नावाचं द्रव्य घ्यायचं, त्याला रसायनांच्या चार पायऱ्या चढवायच्या, की शेवटी कापूर हाती येतो. यातल्या एका पायरीवर आयसोबॉर्निल ॲसिटेट तयार होतं. साबण आणि सुगंध बनवणारे पाइनच्या पानांचा वास आणायला हेच द्रव्य वापरतात. म्हणजे वहिनींना हवा असलेला वास हा देवघरातल्या कापराच्याच वाटेवरचा मधला मुक्काम आहे. वर्षानुवर्षं घराघरांत सूचिपर्णी झाड जळतं आहे, आणि ते देवदार मागणाऱ्या बाईमुळे उघडकीस आलं.

त्यातून सालईची आठवण निघाली. विदर्भाच्या टेकड्यांवर वाढणारं हे झाड. त्याचा डिंक निखाऱ्यावर टाकला की जो धूर उठतो त्यात उत्तरेकडच्या जंगलाची झाक आहे. तेही साहजिकच, सालईच्या तेलातसुद्धा पाइनीन असतं. झाड मात्र सदाहरित नाही, उन्हाळ्यात पार उघडं पडतं. सदाहरित वास देणारं निष्पर्ण झाड शिवारात उभं असताना आपण त्याच्याकडे सरपण म्हणून बघत होतो.

शहाण्यांचा आक्षेप असतो की हात स्वच्छ होण्याशी मतलब, वासाचे चोचले कशाला. त्यांनी इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरची हकीकत वाचावी. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणी तापाने मरत होत्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. साबणाने धुतले तरी त्या हातांना प्रेताचा वास राहायचा. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा मान्य झालेलं नव्हतं, पण सेमेलवाइसने ठरवलं की वास आहे तोवर काहीतरी हाताला चिकटलेलं आहे. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याचं पाणी निवडलं, कारण त्याने तो वास जायचा. एप्रिलमध्ये हे डॉक्टर तपासत त्या कक्षातलं मरणाचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, ते जूनमध्ये दोन-सव्वादोन टक्क्यांवर आलं. इतकं होऊनही पुष्कळ थोरामोठ्या डॉक्टरांना हात धुणं हा वेडगळपणा वाटला. १८६५ साली सेमेलवाइस मनोरुग्णालयातच मरण पावला. हात निर्जंतुक करण्याच्या या प्रकरणात नाक पुढे होतं आणि शास्त्र मागून आलं. नाकावर विश्वास ठेवणाऱ्याला जगाने वेडा ठरवलं, तो वेडा बरोबर निघाला.

आणि २०२० आठवा. केंद्र सरकारने मार्चमध्ये सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातलं, २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत बांधून दिली, महाराष्ट्रातले साखर कारखाने मळीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर बनवू लागले. त्याला उग्र स्पिरिटचा वास यायचा. नाक मुरडत का होईना, सगळ्यांनी ते वापरलं, कारण जिवाची भीती होती. भीती ओसरली तशा दारातल्या बाटल्या सुकल्या, स्टँडचे पायडल गंजले. धाकाने लागलेली सवय धाकाबरोबर जाते. हौसेने लागलेली राहते, म्हणून मी हौसेच्या बाजूचा आहे.

मात्र हौसेला काही गोष्टी ठणकावून सांगितल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र साधं आहे: इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरीन १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के, बाकी उकळून थंड केलेलं पाणी. त्यात सुगंध घालू नये असंही संघटना सांगते, कारण काहींच्या कातडीला त्याने ॲलर्जी होते. हे खरं आहे. पाइनीन आणि लिमोनीन हवा लागून जुनी झाली की कातडीला जास्तच त्रास देतात. म्हणून वासाचं घ्यायचंच तर ताजं घ्यावं आणि आधी मनगटावर लावून पाहावं.

'नैसर्गिक' या शब्दावर भाळून घरी प्रयोग करणाऱ्यांचा हिशेब मी स्वतः पाहिला आहे. दोन वाट्या ७० टक्क्यांचं स्पिरिट, एक वाटी कोरफडीचा गर. हात मऊ झाले, वासही छान आला, पण अल्कोहोल उरलं ४७ टक्क्यांच्या आत. साठाच्या खाली त्याचा भरवसा धरता येत नाही. उसाच्या मळीपासून आलेलं इथेनॉल हेही निसर्गातूनच आलेलं आहे, त्याला पातळ करून ते अधिक नैसर्गिक होत नाही. बाटली घेताना पानांचं चित्र नंतर बघा, टक्का आधी बघा.

आणखी एक, आणि हे सगळ्यात कळकळीचं. मातीने, शेणाने, तेलाने माखलेल्या हाताला सॅनिटायझर उपयोगाचं नाही. फवारणी करून आलेल्या हाताला तर मुळीच नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतल्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या हाताला भरपूर पाणी आणि साबणच लागतो, आणि कपडे बदलणं लागतं. त्याच जिल्ह्यात वणीकडे एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. गोड वासाची बाटली घरात आणाल तर ती फडताळाच्या वरच्या खणात, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. चुलीपासून, समईपासून लांब. ती पेट घेते, आणि कधीकधी तिची ज्योत दिसतसुद्धा नाही.

हे सगळं मी वहिनींपुढे मांडलं. त्यावर एक तोडगाही सुचवला: बिनवासाचं, ७० टक्क्यांचं साधं सॅनिटायझर हाताला लावा आणि देवदाराच्या तेलाचा थेंब रुमालाला. कातडीही सांभाळली जाईल, हौसही भागेल.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. कोरफड घालणार नाही, बाटली वरच्या खणात ठेवीन, शेतातून आल्यावर साबणच, हे सगळं त्यांनी कबूल केलं. रुमालाचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. "हळदीकुंकवाले बाया हात पुढं करतेत, रुमाल नाही," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. भाच्याला निरोप गेला आहे, या खेपेला चार बाटल्या.