सर सीमारेषेवर

आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता 'ऐकू येतंय का?' या रागाची बैठक असते. आलापी म्हापशाहून सर करतात, कोथरूडहून धाकटी साथ देते आणि द्रुत लयीत मी राउटर बंद-चालू करतो. उरलेल्या वेळात पियानो.

आता पियानो म्हणजे काही पियानो नव्हे. खऱ्या वाद्याला 88 पट्ट्या असतात, आमच्या कीबोर्डला 61. बाकीच्या 27 मी 'पहिली परीक्षा पास झालीस की' या खात्यावर टाकल्या आहेत.

पोरीला ऑनलाइन क्लास कंटाळवाणा वाटू नये म्हणून पहिल्या तीन महिन्यांत मी काय काय नाही केलं? गोल दिवा आणला. त्यात तिचा चेहरा नवरीसारखा उजळला. बोटं अंधारातच राहिली. एक ॲप घेतलं. त्यात वरून रंगीत विटा पडतात आणि त्या खाली पोचल्या की ती पट्टी दाबायची. पोरगी आठवडाभर विटा झेलत होती. आठव्या दिवशी ॲप बंद ठेवून 'आता वाजव' म्हटलं, तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी विटांशिवाय भिंत बांधायला सांगतोय.

मग आवाजाचं प्रकरण. व्हिडिओ कॉल निघाले ते बोलण्यासाठी, म्हणजे ऑफिसच्या मीटिंगसाठी. तिथे एकसारखा टिकणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर एसी, त्यामुळे तो गाळायचा अशी त्या यंत्रणेची समजूत. धाकटीने डाव्या हाताने लांब सूर धरला, की यंत्रणेला वाटायचं घरात कोणीतरी पंखा लावला. तो ती इमानेइतबारे बंद करायची. सरांना सुराचं फक्त डोकं ऐकू यायचं, धड गायब. आमच्या कुकरची शिट्टी मात्र म्हापशापर्यंत सुखरूप पोचायची. "बटाटे झाले वाटतं," सर म्हणायचे.

याहून मोठा विनोद पुढे आहे. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. पट्टी कुरवाळा नाहीतर बुक्की मारा, आवाज जवळपास तेवढाच. याने तारेवर हातोडी आणली. बोट हलकं तर सूर हलका, बोट जड तर सूर जड. वाद्याचं नावच मुळी त्यावरून पडलं: 'पियानो' म्हणजे हळू, 'फोर्ते' म्हणजे जोरात. आणि आमच्या कॉलमध्ये हळू आवाज वर ओढून आणि मोठा खाली दाबून सगळं सपाट करणारी सोय आपोआप चालू होती! तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची सगळी मेहनत एका चौकोनातल्या बरोबरच्या खुणेने पुसली गेली होती. ती खूण काढायची असते, गाळणीही बंद करायची असते, संगीतासाठी मूळ आवाज तसाच पाठवायचं बटण असतं. हे मला तीन महिन्यांनी कळलं. फुकट होतं म्हणून असेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बटणाने सुटत नाही. आवाज जायला वेळ लागतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे फार नाही असं वाटतं. पण तेवढ्या वेळात हवेतून आवाज सुमारे 70 मीटर जातो. म्हणजे पोरगी खेळपट्टीवर बसून वाजवतेय आणि सर सीमारेषेवर उभे राहून टाळी देतायत. ती सरांची वाट पाहते, सर तिची. दोघंही सभ्य, त्यामुळे लय पुणे-मुंबई जुन्या रस्त्यावरच्या ट्रकसारखी घाटात मंदावत मंदावत शेवटी थांबते. मी कीबोर्डवर टकटक करत बाजूने 'एक दोन तीन' मोजून मदत करायचो. सहा आठवडे सरांनी सहन केलं. सातव्या आठवड्यात ते अतिशय मायेने म्हणाले, "पप्पा, तुमी मात्शे भायर वचात."

वचलो.

तेव्हापासून क्लास सुधारला, हे लिहिताना त्रास होतो, पण खरं आहे. सरांनी टाळी देणं बंद केलं. मोजायचं काम पोरीचं. तासाचा क्लास अर्ध्या तासावर आणला. गोल दिवा रद्द. मोबाइल कपडे वाळत घालायच्या स्टँडला आडवा बांधला, वरून बोटं दिसतील असा. एका आठवड्याआड बाजूला, मनगट दिसेल असा. पहिल्याच दिवशी त्यांना दिसलं, की तिचा अंगठा पट्टीवर नसतोच, बसच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसासारखा बाहेर असतो. इतके महिने आम्ही तिचा चेहरा दाखवत होतो.

आणि गुरुवारी रात्री रेकॉर्डिंग पाठवायचं. एकच तुकडा, सलग, मध्ये न कापता. लंडनच्या एबीआरएसएम मंडळानेही 2020 पासून अशा परीक्षा सुरू केल्यात: चार रचना एका दमात वाजवून चित्रफीत पाठवायची. पहिल्या गुरुवारी मी दाराआडून मोजलं. पाचव्या मात्रागटात अडखळली, पुसलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा पुसलं. मध्येच मांजर चढलं, पुसलं. अकरा वेळा! 'रियाज कर' असं मी म्हटलं असतं तर दोनदा वाजवून पोट दुखलं असतं. उत्तरादाखल सरांकडून जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आवाज येतो आणि त्यात एकच चूक सांगितलेली असते. मी असतो तर नऊ सांगितल्या असत्या.

शनिवारी सर स्वतः वाजवतात आणि मुद्दाम कुठेतरी चुकतात. ती पकडायची आणि काय चुकलं ते सांगायचं. मास्तरची चूक पकडण्यासारखी करमणूक कुठल्याच ॲपला जमलेली नाही. ज्या पोरीला डावा हात ऐकूच यायचा नाही, ती आता ओरडते, "सर, डाव्या हातात काळी पट्टी राहिली!"

माझी नेमणूक सध्या स्वयंपाकघरात आहे. पाच ते साडेपाच कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, बेल वाजली तर पळत जायचं. गाळणी बंद असल्यामुळे आता सगळंच सगळीकडे ऐकू जातं. सरांनीही त्यांच्या बाजूची काढली आहे. गेल्या शनिवारी लांब सुरावर सगळे गप्प असताना तिकडच्या खिडकीतून पोदेराच्या सायकलचा भोंगा आला, पों पों. धाकटीने मान वाकडी करून एक पट्टी दाबली, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. तिसरी जुळली.

"बरोबर," सर म्हणाले. "धरून ठेव हां, मी पाव घेऊन येतो."