दुसऱ्या सिस्टिमवाले काका

पुण्यात दुसरा फ्लॅट घेणारे पुष्कळ, दुसरी गाडी घेणारे त्याहून जास्त. दुसरी म्युझिक सिस्टिम घेणारा गृहस्थ मात्र विरळा, आणि तो ती घेतो असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. तो घ्यायच्या बेतात असतो. आमच्या सोसायटीतले काका असेच बेतात आहेत. त्यांना नाव-आडनाव आहे, पण पोरंटोरं त्यांना ‘ॲम्पकाका’ म्हणतात, आणि मेंटेनन्सची पावती सोडली तर दुसरं नाव कुठे वापरात नाही.

पहिली सिस्टिम हॉलमध्ये आहे. ती सोवळ्यातली. तिच्या ॲम्प्लिफायरचं वजन चौदा किलो. दिवाळीच्या साफसफाईला काका तो स्वतः उचलतात आणि पुढे दोन दिवस कंबर शेकतात. काकूंना त्यावरची धूळ पुसायची परवानगी आहे, पण कोरड्या फडक्याने आणि काका घरात असताना. नातवाला तीही नाही. ‘याला टीव्ही जोडून टाकू या का?’ असं जावईबापू एकदा म्हणाले होते. काकांनी उत्तर दिलं नाही, नुसतं मुलीकडे पाहिलं. आता अशा सिस्टिमवर सकाळी पोहे खाताना बातम्या कशा लावणार? म्हणून दुसरी. आतल्या खोलीत, रोजच्या वापराला, छोटी, स्वस्त आणि टिकाऊ. फळीवर बसणारे जुने स्पीकर घरात आहेतच, हवा तो फक्त एक ॲम्प्लिफायर. “दहा-बारा हजारांत होऊन जाईल,” असं काका म्हणाले तेव्हा नातू पहिलीत होता. तो आता चौथीत आहे.

काकांना यातलं कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. कळतं, हीच तर अडचण आहे. नोकरी टेलिफोन खात्यात झाली. डेसिबल हे मूळ टेलिफोनवाल्यांचंच माप. लांबच्या तारेत आवाज किती गळतो हे मोजताना बेलच्या इंजिनिअरांनी ते काढलं. काका ते घरच्या मापासारखं वापरतात. “आमटीत मीठ तीन डेसिबल कमी आहे,” असं ते पानावर म्हणतात, आणि तीन डेसिबल कमी म्हणजे निम्मं, हे काकूंना इतक्या वर्षांत पाठ झालंय. त्या म्हणतात, “अहो, मग वाढून घ्या तीन डेसिबल. बरणी समोरच आहे.”

तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा परवा नवा ॲम्प घेऊन दाखवायला आला. तळहातावर मावेल एवढा डबा, पुढे एक मोठं बटण, आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 300 वॅट गुणिले 2. काकांनी ॲम्पकडे पाहिलंच नाही. त्यांनी खोक्यातून अडॅप्टर काढला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरं वाचली: 32 व्होल्ट, 5 ॲम्पिअर.

“बत्तीस पंचे?”

मुलगा इंग्रजी माध्यमातला. त्याने मोबाइल काढला.

“एकशे साठ!” काका म्हणाले. “एकशे साठ वॅट आत जातात आणि सहाशे बाहेर येतात. वरचे चारशे चाळीस कोण देतं रे? महावितरण की दत्तगुरू?”

मुलाचा चेहरा पडला तसे काका लगेच नरमले, कारण मनाने ते वाईट नाहीत. ॲम्प चांगला आहे, म्हणाले. आतली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, चांगल्या खानदानातली. तबल्याची एखादी थाप आली की कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज क्षणभर जोर लावते, म्हणून अडॅप्टरचा आकडा म्हणजे सगळा हिशेब नव्हे. पण 32 व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला फार तर साठ-चौसष्ट वॅट मिळतात. तीनशेचा आकडा येतो तो 48 व्होल्ट आणि चार ओहम धरून, वर आवाज दहा टक्के फाटेपर्यंत पिळून. “दहा टक्के डिस्टॉर्शन म्हणजे काय? गणपतीत कर्ण्यातून आरती येते, तसं.” मग त्यांनी एक आकडा सांगितला, आणि तो दुकानात कुणीच सांगत नाही. फळीवरच्या साध्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर 87 डेसिबलच्या आसपास आवाज निघतो. दहा बाय अकराच्या खोलीत तेवढ्यात खालच्या मजल्यावरून माणूस वर येतो. आपण बसून ऐकतो ते बरंचसं त्या एका वॅटच्या आत-बाहेरच. पन्नासाचे शंभर केले तरी वाढतात तीन डेसिबल, म्हणजे व्हॉल्यूमचं बटण जेमतेम हलवल्याइतकं. “तीस-चाळीस वॅट खरे असले तर पुष्कळ झाले. खोटे सहाशे काय करायचेत?”

इतकं स्पष्ट दिसत असूनही माणूस स्वतः ॲम्प का घेत नाही, हे कोडं सोडवायचं तर त्यांच्याबरोबर तपकीर गल्लीत जावं लागतं. बुधवार पेठेतली ही गल्ली काकांचं आजोळ आहे. 2एन3055 जातीचे ट्रान्झिस्टर लावून त्यांनी पहिला ॲम्प इथेच जुळवला, लग्नाआधी. पुढे सान्योचे एसटीके मॉड्यूल आले आणि घरोघरी काळ्या कॅबिनेटचे, लाल-हिरवे दिवे नाचवणारे असेंबल्ड डेक झाले. त्या काळचे एक दुरुस्तीवाले अजून तिथल्या एका जिन्याखाली बसतात. काका त्यांना सल्ला विचारतात आणि ते काकांना घोळात पाडतात.

“साहेब, जुनाच घ्या. दणकट काम. बिघडला तर मी आहे.”

“आणि एसटीके उडाला तर?”

“ओरिजिनल आता मिळत नाही. चायना लावू. सहा महिने जातो.”

“मग नवा घेतो, क्लास डी.”

“नवा बिघडला तर बोर्ड फेकायचा. एवढुसे पार्ट, मोहरीसारखे. माझे डोळे गेले, साहेब.”

आता बोला! दुरुस्त होणारा घ्यावा तर सुटे भाग नकली, आणि ज्याचे भाग अस्सल तो दुरुस्त होत नाही. टिकाऊपणाचा हा पेच खराच आहे, आणि माझ्या मते काकांनी त्यावर काढलेला तोडगाही बिनतोड आहे. छोट्या ॲम्पमध्ये बहुधा आधी मरतो तो अडॅप्टर, म्हणून तो बाहेरच असावा आणि साध्या गोल पिनचा असावा. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त ॲम्पिअरचा दुसरा आणला की काम भागतं. डबा बंद कपाटात कोंबू नये, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. हवेसाठी भोकं हवीत, पण पाल शिरेल एवढी नकोत. (पहिल्या सिस्टिमच्या आधीची एक सिस्टिम पालीपायी गेली. त्या पालीचं वर्णन काका इतकं बारकाईने करतात की ऐकणारा चहाचा कप खाली ठेवतो.) आणि ज्याला मोबाइलवर स्वतंत्र ॲप लागतं तो ॲम्प घेऊच नये, कंपनीने ॲप बंद केलं की धडधाकट यंत्र जागेवर गतप्राण.

एवढं ठरल्यावर घ्यायला काय हरकत आहे? हरकत इतिहासाची आहे. कुठलाही ॲम्प समोर आला की काकांना त्याच्याहून चांगला आणि आता न मिळणारा एक ॲम्प आठवतो. एनएडीचा 3020 हे त्यांचं दैवत. 1978 सालचा, कागदावर जेमतेम 20 वॅटचा, दिसायला सरकारी कचेरीतल्या वस्तूसारखा. पण त्याने भल्याभल्या महागड्यांना घाम फोडला. त्यानंतर ट्रायपाथ. या अमेरिकन कंपनीची चिप प्लॅस्टिकच्या खेळण्यासारख्या डब्यात बसवलेली असे, पेन्सिल सेलवर चालत असे, आणि जाणकारही ऐकून गप्प होत. कंपनी 2007 मध्ये दिवाळखोरीत गेली. हे सांगताना काकांचा आवाज भावकीतलं कुणी गेल्यासारखा उतरतो. “स्वस्तात चांगलं देणारा टिकत नाही,” म्हणतात. त्यामुळे आज जो स्वस्तात चांगलं देतोय तो उद्या बुडेल, मग वॉरंटी कोण देणार, म्हणून थांबू या.

एरवी कट्टर बुद्धिवादी. हजारो रुपयांच्या केबलला ते हसतात, सोन्याच्या पिनांना हसतात. पण त्यांच्या चौदा किलोच्या ॲम्पखाली कॅरमच्या तीन सोंगट्या आहेत. दोन काळ्या, एक पांढरी. का, असं विचारलं तर म्हणतात, “कंप.” राणी का नाही ठेवली, असं नातवाने विचारलं, तर त्यावर विचार करू लागले. दुसरी कमजोरी ऑप-ॲम्पची. एनई5532 ही नखाएवढी चिप चहा-क्रीमरोलच्या पैशांत मिळते, आणि आपण ऐकतो त्यातलं कितीतरी संगीत स्टुडिओच्या कन्सोलमध्ये असल्याच चिपांतून गाळून आलेलं असतं. हे काकांनीच मला सांगितलं. तरी सॉकेटवाला ॲम्प दिसला की ती उपटून महागडी लावायला त्यांचे हात शिवशिवतात. “मधली सप्तकं मोकळी होतात,” म्हणे.

ऐकवण्याचा सोहळा वेगळाच. हॉलच्या फरशीवर काकूंची एक टिकली चिकटवलेली आहे. तीच जागा. तिच्यावर खुर्चीचा पुढचा पाय यायला हवा, नाहीतर गायिका, काकांच्या शब्दांत, “डावीकडे कलंडते”. आणि मग लावतात काय? केसरबाई केरकर. ध्वनिमुद्रण मोनो, त्या काळचं; सहा-सात हजार हर्ट्झच्या वर त्यात फारसं काही नाही. ॲम्प वीस हजारांच्या पुढेपर्यंत सरळ रेघ. एकाच वाहिनीचं गाणं दोन स्पीकरमधून बरोबर मध्ये उभं राहतं, हा चमत्कार पाहुण्याने मान्य करायचा आणि दाद गाण्याला न देता जागेला द्यायची. केसरबाईंची भैरवी ‘व्हॉयेजर’वरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून 1977 साली अंतराळात गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काकांची तक्रार वेगळी आहे. नासाने तबकडीबरोबर कार्ट्रिज दिलं, सुई दिली, कव्हरवर वाजवायच्या आकृत्याही कोरल्या. “पण ॲम्प्लिफायर? परग्रहावरच्या माणसाने नुसत्या सुईला कान लावायचा? तिथेसुद्धा पहिला प्रश्न हाच येणार, छोटा आणि भरवशाचा कुठला घेऊ!” ही गोष्ट त्यांना मनापासून लागलेली आहे.

दरम्यान काकू स्वयंपाकघरात मोबाइल रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा करतात आणि आशाबाईंची गाणी ऐकत पोळ्या लाटतात. काकांनी त्या पातेल्याचीही तपासणी केली. आवाज ठीकसा वाढतो, पण तिथे बास नाही आणि एका पट्टीत पातेलं स्वतःच गाऊ लागतं, असा अहवाल त्यांनी दिला. काकूंनी पातेलं बदललं नाही.

आणि तरीही सांगतो, या माणसासारखा सल्लागार गावात नाही. दोन खोल्यांचा संसार मांडलेल्या भाच्याने हडपसरहून फोन केला. काकांनी तीन प्रश्न विचारले: खोली केवढी, स्पीकरच्या मागे ओहम किती लिहिलेत, टीव्ही जोडायचा का. मग एक मॉडेल सांगितलं, दुसरं कशासाठी नको ते सांगितलं, बिल जपून ठेव म्हणाले, फोन ठेवला. भाच्याचा ॲम्प आजतागायत विनातक्रार वाजतोय. सोसायटीत अशी पाच-सहा घरं तरी आहेत. स्वतःचा घ्यायची वेळ आली की मात्र दुसऱ्याला दिलेलं उत्तर त्यांना पुरत नाही, कारण घेतला की शोध संपला, आणि मग दुपारी जेवून उठल्यावर या सद्गृहस्थाने करायचं काय? मला विचाराल तर तो ॲम्प त्यांनी कधीच घेऊ नये. घेतला तर तिसऱ्या सिस्टिमचा विषय निघेल, आणि घर दोनच खोल्यांचं आहे.

तेव्हा तुम्हाला छोटा ॲम्प्लिफायर घ्यायचा असेल तर काकांना जरूर गाठा. खोलीची लांबी-रुंदी आणि स्पीकरच्या मागचं लेबल लिहून न्या, बजेट आकड्यात सांगा, सल्ला मिळाला की उठा. चहाला थांबू नका. थांबलात तर टिकलीवर बसावं लागेल आणि सोंगट्या काढून एकदा, घालून एकदा अशी भैरवी दोनदा ऐकावी लागेल. “फरक कळला?” असं विचारतील. हो म्हणालात तर जेवूनच जा म्हणतील, आणि नाही म्हणालात तर उद्या पुन्हा बोलावतील.