गॅस संपलाय, काका!

मार्च उजाडला की घरोघरी टनांची भाषा सुरू होते. कालपर्यंत टन म्हटलं की ज्यांना ऊस आणि साखर कारखान्याचा वजनकाटा आठवायचा, ते आता लिफ्टमध्ये ‘बेडरूमला दीड घेतला, हॉलला दोनाशिवाय भागायचं नाही’ असं बोलू लागतात. दीड टन कशाचा, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर दुकानातला टाय लावलेला मुलगा ‘सर, कूलिंगचा’ असं सांगतो आणि आपण समजल्यासारखी मान हलवतो. मान हलली रे हलली की हप्त्याचा कागद सहीला पुढे येतो.

या टनाची जन्मकथा बर्फाच्या धंद्यातली आहे. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढतो तो एक टनाचा एसी. यातली गंमत अशी की हा टन अमेरिकी आहे, 2000 पौंडांचा. म्हणजे 907 किलो. आपल्या हजार किलोंच्या टनातले 93 किलो इथेच गेले! काटा मारायची विद्या फक्त उसाच्या गाडीपुढेच चालते असं थोडंच आहे? पुढे हिशेब करा. एक टन म्हणजे 3517 वॅट, तर दीड टन म्हणजे 5275. आता घरच्या दीड टनी एसीवरचा स्टिकर वाचा. कूलिंग कपॅसिटीपुढे बहुतेक वेळा पाच हजारांच्या आसपासचा आकडा असतो. उरलेले वॅट कुठे गेले, हे विचारायला दुकानात गेलात तर तो टायवाला मुलगा दुसऱ्या ब्रँडच्या काउंटरवर बदली होऊन गेलेला असतो.

‘इन्व्हर्टर’ या शब्दाने तर भारनियमन सोसलेल्या जिल्ह्यांत भलत्याच आशा जागवल्या. लाइट गेल्यावरही हा चालणार, या समजुतीने एसी घेणारे लोक मी पाहिले आहेत. ती समजूत खोडून काढणारा विक्रेता अजून पाहायचा आहे. बॅटरीचा इथे काडीचा संबंध नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोराने चालतो, नाहीतर बंद पडतो. इन्व्हर्टरवाला गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो आणि वीज वाचवतो. एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणून बाजारात काही खपत नाही. म्हणून मग ‘फाइव्ह-इन-वन कन्व्हर्टिबल’ येतो, म्हणजे त्याच कॉम्प्रेसरची ताकद पाच टप्प्यांत बांधून दिलेली. आमच्या पंख्याच्या रेग्युलेटरवरही पाचच आकडे आहेत, पण त्याला फाइव्ह-इन-वन पंखा म्हणायची बुद्धी कुणाला झाली नाही. फुकट गेला बिचारा.

ताऱ्यांचं खातं सरकारी आहे. बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ते वाटतो, आणि हे तारेही आपली घरं बदलतात. पूर्वी आयएसईईआर 4.5 असला की पाच तारे मिळायचे. जुलै 2022 पासून पाचासाठी 5 लागू लागले आणि काठावरचे पंचतारांकित एका रात्रीत चौघांत जाऊन बसले. यंत्र तेच, भिंत तीच, हप्ताही तोच. (ब्युरोने हे योग्यच केलं. तारे कधी ना कधी महाग व्हायलाच हवेत.) म्हणून तारे मोजण्याआधी लेबलवरचं वर्ष बघावं, आणि वर्षाआधी तो आयएसईईआर. वर्षभरात खोलीतली किती उष्णता बाहेर काढली, याला त्यासाठी जाळलेल्या विजेने भागायचं. आकडा जितका मोठा तितकं बिल लहान. हे वर्ष कागदावर 1600 तासांचं धरलेलं आहे. चंद्रपूरलाही 1600 आणि महाबळेश्वरलाही 1600. समता म्हणतात ती हीच.

‘फ्री इन्स्टॉलेशन’वर फार शाई घालवत नाही. त्यात फक्त माणूस फ्री असतो. स्टँड, जादा कॉपर पाइप, ड्रेन पाइप आणि भिंतीला पाडलेलं भोक यांचे पैसे वेगळे.

रिमोटवरचं ‘ड्राय’ हे बटण मात्र मुंबईत आणि कोकणात कुणी दाबलेलं दिसत नाही. वास्तविक या सगळ्या उद्योगाची सुरुवातच त्या बटणापासून झाली. 1902 साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे यंत्र आखलं ते माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा आणि छपाईचे रंग सरकायचे, म्हणून. छापखान्याच्या कागदाची एवढी काळजी तेव्हा घेतली गेली, हे वाचून आमच्यासारख्या सदरलेखकाचा ऊर भरून येतो.

पण शब्दांचा राजा एकच, गॅस. एप्रिलात मेकॅनिक येतो, आउटडोअरला निळ्या-लाल डायलचा गेज लावतो, डोळे बारीक करून बघतो आणि निकाल देतो.

“गॅस संपलाय, काका.”

“अरे, गेल्याच वर्षी भरला होता ना!”

“मग? वर्ष झालं की!”

जणू तो सिलिंडर आहे आणि काका रोज त्यावर वरण शिजवतात. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो, आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजनचं प्रेशर देऊन शोधायची, जोड पक्का करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करायच्या आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. कोणता आणि किती ग्रॅम, हे आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. आर-32च्या जागी आर-22 चालत नाही. काटा मात्र मेकॅनिकच्या पिशवीत नसतो. तिथे ‘अंदाज’ असतो, आणि गळती पुढच्या एप्रिलसाठी जपून ठेवलेली असते. बऱ्याच घरांत तर गॅसला काही झालेलंच नसतं. इनडोअरच्या जाळीवर वर्षभराची धूळ बसलेली असते.

एवढं सगळं झालं की आपण एसी 16 वर लावतो आणि दुलई पांघरतो. 2020 पासून स्टार लेबलचा नवा एसी मुळात 24 वरच सुरू होईल, असा नियम आहे. एक अंश वाढवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी 20 ते 28 अंशांची मर्यादा घालण्याचं सूतोवाच केलं, तेव्हा दुलईखालून स्वातंत्र्याच्या घोषणा आल्या. खोलीतली उष्णता आणि त्यावर जाळलेली वीज, दोन्ही मिळून शेजाऱ्याच्या खिडकीवर जातात. त्याने मग दोन टनांचा घेतला तर रागावू नये.

तर वाचकहो, यंदा आधी जाळी काढून नळाखाली धुऊन बघा. तरीही गारवा येत नसेल तर मेकॅनिकला बोलवा, चहा द्या आणि एकच प्रश्न विचारा, “गळती कुठे सापडली?” उत्तर मिळेपर्यंत पाकीट काढू नका.