पुस्तकाची वेळ कोणती?

१५ ऑक्टोबर. डॉ. कलामांचा जन्मदिवस आपल्या महाराष्ट्रात २०१५पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. दिवस चांगलाच आहे. माझा राग आहे तो १६ ऑक्टोबरवर, पुस्तकं पुन्हा कुलपात असतात त्या दिवसावर.

गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरला एका शाळेत मी स्वतः पाहिलं. मुलं पटांगणात रांगेनं बसली, प्रत्येकाच्या हातात पुस्तक आलं, फोटो निघाले आणि मधल्या सुट्टीच्या आत पुस्तकं मोजून परत कपाटात गेली. चौथीतली एक मुलगी पुस्तक सोडेना. तिची गोष्ट अर्ध्यात आली होती, तिला ते घरी न्यायचं होतं. ‘हरवलंस तर?’ असं म्हणून ते काढून घेतलं आणि कपाटाला कुलूप लागलं. अहो, हरवू द्या ना एखादं! कपाटात वाळवी खाते त्या पुस्तकांचा हिशेब कोण मागतं?

वाचनाची सवय लावायला हवी, असं आपण म्हणतो तेव्हा ती जणू बाहेरून कुठून तरी आणायची आहे, असा आपला सूर असतो. आपल्या घरांत ती होती. तिला नेम म्हणायचे. माझी आजी दुसरीपर्यंत शिकलेली. श्रावणात पोथी लावायची आणि वर्षभर रोज ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या वाचायची. तुळशीला पाणी घातलं की पाट मांडायचा, चष्मा पुसायचा आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागायचं. अडलेला शब्द ती दोनदा म्हणायची आणि पुढे जायची. शेजारची काकू निवडायचे तांदूळ घेऊन ऐकायला येऊन बसायची. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. रोज दहा म्हटलं तर एक आवर्तन व्हायला अडीच वर्षं लागतात. आजीची किती आवर्तनं झाली, ते तिनं कधी मोजलं नाही. नऊ माणसांचा स्वयंपाक आणि दोन म्हशी सांभाळून हे चालायचं. म्हणून ‘वाचायला वेळच मिळत नाही’ हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकवत नाही.

आजीच्या नेमातली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे त्याचं माप. दहा ओव्या. तापातही जमतील एवढ्याच. आपण मात्र एक जानेवारीला वर्षात पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडतो, ग्रंथप्रदर्शनातून पिशवी भरून आणतो आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत पिशवी माळ्यावर जाते. रोज दहा पानं वाचा. वर्षाची ३,६५० होतात, म्हणजे अडीचशे पानांची चौदा पुस्तकं. आणि मोबाइल उशाशी, पुस्तक कपाटात, ही मांडणी आधी उलटी करा. अंधारात हात जे हाताशी असेल तेच उचलतो.

वाचनालयाचे सभासद व्हा, हे तर मी हट्टानं सांगेन. पुस्तक परत करायची तारीख डोक्यावर असली की पानं उलटतात. विकत घेतलेलं पुस्तक वर्षानुवर्षं वाट पाहत बसतं. पण वाचनालयं तरी कशी जगतात? १९४८च्या मद्रासच्या कायद्यानं ग्रंथालयांसाठी वेगळा कर ठेवला. आपला कायदा १९६७चा, त्यात तो कर नाही. मग वर्षभर अनुदानाकडे डोळे लावायचे आणि तुटपुंज्या पगारावर ग्रंथपालानं कुलूप उघडायचं. प्रेरणा दिनाच्या भाषणात हे कुणीतरी एकदा बोलावं.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. रोज एक वाचावी, ऐकणारी मुलं भोवती असावीत, अशीच त्या पुस्तकाची घडण आहे. घरात लहान मूल असेल तर १५ ऑक्टोबरला जेवणं उरकल्यावर टीव्ही बंद करा आणि पहिली रात्र मोठ्यानं वाचा. दुसऱ्या दिवशी दुसरी. एखाद्या दिवशी पाहुणे येतील, वीज जाईल, मूल निम्म्यातच झोपेल. तरी त्या रात्रीचं वाचन चुकवू नका. बेचाळिसावी रात्र २५ नोव्हेंबरला येते. ती संपल्यावर मूल विचारेल, ‘उद्या काय वाचायचं?’ ते उद्याचं पुस्तक २४ तारखेलाच घरात आणून ठेवा.